खुंटीवरचा कोट

नणंद – नाही हो बाई, हा फारच सभ्य आहे. हा माणूस आधी दार वाजवेल, मग पायपुसण्यावर पाय पुसेल आणि पाणीसुद्धा मागून घेईल. आम्हाला जरा दांडगा हवाय.

बाई – दांडगा म्हणजे कसा?

नणंद – म्हणजे जिन्यात पाय टाकला की कळलं पाहिजे, वर घरात पुरुष आहे. चांगला धिप्पाड. तापट असला तरी चालेल.

वहिनी – वन्सं, हळू बोला ना.

नणंद – अगं वहिनी, दुकानात आपण तिघींशिवाय आहे कोण? आणि या बाईंचं कामच आहे ते. डॉक्टरपाशी आणि अत्तरवाल्यापाशी लपवून चालत नाही.

बाई – मग चामड्याच्या वासाकडेच जाऊ या. लिंबू, फुलं, चंदन सगळं बाजूला ठेवते. असं बघा, थंडीत हलके वास उमलतच नाहीत, कपड्यातल्या कपड्यात मरून जातात. चामड्याचं उलटं आहे. उन्हाळ्यात लावलं तर शेजारचा माणूस उठून जाईल, इतकं ते अंगावर येतं. हवा गार झाली की तेच खुलतं. लोकरीच्या कपड्यावर तर घर करून राहतं.

नणंद – हं. घर करून राहणारंच पाहिजे.

बाई – या मोसमात माझ्याकडे असे दोन आहेत. दोन्ही उग्र आहेत, आधीच सांगते. ही काळी बाटली आधी घ्या. नाकाला चिकटवू नका, पट्टी जरा लांब धरा.

नणंद – अरे बापरे. काय जळतंय?

बाई – झाडाच्या सालीचं डांबर आहे त्यात. धूर, कोरं खोगीर, आणि मागे थोडा घोड्याच्या अंगाचा वास. एक-दोन मिनिटं जाऊ द्या.

नणंद – मला आवडला. दम आहे गड्यात. वहिनी, तू बघ.

वहिनी – हा बाहेरून आलेल्या माणसाचा वास आहे.

बाई – म्हणजे?

वहिनी – आत्ताच आलाय, अजून बूटही काढले नाहीत, असा. रोज घरात राहणाऱ्याचा नाही वाटत.

बाई – बरोबर बोललात. नाक चांगलं आहे तुमचं. वापरणार कोण आहे?

नणंद – माझा भाऊ. म्हणजे हिचा नवरा.

बाई – काम काय करतात? उन्हातलं, घामाचं काम असेल तर वास वेगळा लागतो.

वहिनी – जहाजावर असतात.

नणंद – घरीच असतो.

बाई – एक कुणीतरी ठरवा.

नणंद – तू पण ना वहिनी. वाटेत घोकून घेतलं होतं ना आपण?

वहिनी – मला नाही जमत खोटं बोलायला. जहाजावर आहेत ते. उन्हाळ्याशिवाय यायचे नाहीत. अंगावर लावायला नकोच आहे आम्हाला. कोटावर मारायचंय. या पिशवीत आहे त्यांचा कोट.

बाई – फोनवर मी म्हटलं होतं खरं, कपडा असेल तर आणा म्हणून. पण माणूसच घरात नाही, तर वास कुणाला यायला हवाय?

नणंद – सांगून टाकते. आमच्या घरात कुणीतरी येतं.

बाई – कोण येतं?

नणंद – ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? आम्ही दोघीच राहतो. मी शिवणकारखान्यात. गणवेश शिवते, संध्याकाळी घरी येते. ही तपासणी केंद्रात, रक्ताच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावते, दुपारीच सुटते. सकाळी घराला कुलूप. आणि मधल्या वेळात कुणीतरी येऊन जातं.

बाई – चोरी?

नणंद – चोरी झाली असती तर बरं झालं असतं हो. पोलिसांना सांगता तरी आलं असतं. आम्ही गेलो चौकीत. ते म्हणाले, काय गेलं? म्हटलं, काही नाही. तुटलं काय? काही नाही. मग हसले. म्हणाले, दोघी बायका एका घरात राहता, एकीने ठेवलेलं दुसरीला आठवत नसेल.

वहिनी – पहिल्यांदा कप होता. धुऊन पालथा घातलेला. आम्ही कप पालथे घालत नाही, तळाशी पाणी साचतं म्हणून.

नणंद – मला वाटलं हिने घातला, हिला वाटलं मी. त्यावरून थोडं वाजलंही आमचं. मग खुर्ची. जेवायच्या टेबलाची खुर्ची हीटरसमोर ओढलेली. मग मी शक्कल काढली. भावाचे मोठे बूट काढून दाराबाहेर ठेवले. म्हटलं, बघणाऱ्याला वाटू दे घरात बाप्या आहे. रेडिओ चालू ठेवून जायला लागलो, बातम्या सांगणाऱ्या पुरुषाचा आवाज येतो ना, म्हणून. हसू नका.

बाई – मी नाही हसत.

नणंद – आणि एक दिवस घरी येऊन बघते तर बूट दाराच्या आत. जोडीने लावलेले, टाचा भिंतीला. रेडिओ बंद.

बाई – जसं कुणी घरी आल्यावर काढून ठेवतं तसे.

नणंद – अगदी तसे. तेव्हापासून मी कात्री उशाशी घेऊन झोपते. कापड कापायची मोठी. ही म्हणते, वन्सं, झोपेत स्वतःलाच भोसकाल.

बाई – कुलूप बदललंत का?

नणंद – घरमालक म्हणतो थंडी संपू दे. कुलूप त्याचं, दार त्याचं, फक्त भीती आमची. घरी असलो की आतून कडी घालतो. पण बाहेर गेल्यावर कडी कोण घालणार? म्हणून हा कोट. दाराशी खुंटीला टांगलाय कधीचा, आता त्याला असा वास मारायचा की आत डोकावणाऱ्याला वाटावं, आज आलाय बरं का तो.

बाई – तुम्हाला पटतंय हे?

वहिनी – नाही. पण काहीच न करता घरी परत जायचं धाडस होत नाही. निदान हे तरी करू.

बाई – थांबा. मग काळी बाटली नकोच तुम्हाला. धुराचा वास म्हणजे पाहुणा. तुम्हाला मुरलेला पाहिजे, घरातला. दुसरा काढते. हा मी फळीवर ठेवत नाही.

नणंद – का हो? जप्त होतो की काय?

बाई – कंपनीचा नाही, मी स्वतः केलेला आहे. माझ्या वडिलांची हत्यारांची एक चामडी पिशवी होती. वर्षानुवर्षं त्यांच्या हाताचा घाम प्यालेली. ती फाटली तेव्हा तिचे तुकडे करून मी स्पिरिटमध्ये घालून ठेवले. महिनोन्महिने मुरवले. त्यात कस्तुरीसारखं एक द्रव्य, थोडा मध, थोडं मेण. बाजारात कितीही पैसे टाका, असा मिळायचा नाही. ती पिशवी एकच होती.

नणंद – आणि विकत नाही तुम्ही?

बाई – अजून कुणाला विकला नाही. थंडी पडली तेव्हा पहिली बाटली भरली. अख्ख्या शहरात हा वास एकाच माणसाच्या अंगाला येतो. तुम्हाला देईन मात्र. तुमची गरज वेगळी आहे. ही घ्या पट्टी.

नणंद – अगं बाई. हा तर शेजारी येऊन बसल्यासारखा वाटतोय.

बाई – बसतोच तो.

नणंद – जनावरासारखा आहे, पण गरम. पांघरुणातून उठून आलेला. काळ्या बाटलीचा गडी याच्यापुढे पोरगा वाटतो. वहिनी, हाच घेऊ. धर.

वहिनी – द्या इकडे.

नणंद – काय गं? काय झालं?

वहिनी – लांब ठेवा ती. वन्सं, लांब ठेवा ती पट्टी.

नणंद – अगं, पांढरीफटक पडलीस. बाई, स्टूल द्या जरा. सकाळपासून पोटात काही नाही हिच्या, म्हणून हे असं.

वहिनी – पोटाचं काही नाही. हा वास आपल्या घरात आहे.

नणंद – काहीतरीच बोलू नकोस.

वहिनी – कोटाला आहे. कॉलरला.

नणंद – कोट मी स्वतः पिशवीत भरला, मला नाही आला.

वहिनी – तुम्ही घडी घालून भरला. मी कॉलरला नाक लावते. रोज लावते. दारातून आत आलं की पहिलं तेच करते. हसू नका.

नणंद – नाही गं हसत.

वहिनी – त्यांचा वास केव्हाच उडून गेलाय. कपाटाचा वास येतो आता त्याला, तरी मी लावते. गेल्या आठवड्यात लावलं आणि माणसाचा वास आला. गरम. मला वाटलं, हेच आले. न कळवता आले. मी चपला न काढता स्वयंपाकघरात धावले. मग आतल्या खोलीत. हाकासुद्धा मारल्या. बाथरूमचं दार उघडलं. कुणीच नव्हतं. घरात नसलेल्या माणसाला हाका मारत होते मी, आणि वास तर होता.

नणंद – आणि मला बोलली नाहीस?

वहिनी – तुम्ही आधीच कात्री घेऊन झोपत होतात.

नणंद – आठवडाभर एकटीने पोटात ठेवलंस?

वहिनी – मग मनाची समजूत घातली. जुना कोट आहे, हीटरची ऊब लागली की अस्तरातून काहीतरी येत असेल. आत्ता पट्टी हातात घेईपर्यंत तसंच धरून चालले होते.

बाई – कोट काढा बघू. टेबलावर पसरा. असा नको, कॉलर माझ्याकडे.

नणंद – बघा तुम्हीच. तुमचं नाक म्हणजे कोर्टाचा निकाल.

(बाई कोटावर वाकतात.)

नणंद – काय हो?

बाई – नाही. हा वेगळा आहे.

नणंद – बघ. जीव घेतलास माझा.

बाई – चामडी वास सगळे लांबून सारखेच लागतात. मनात भीती असली की नाकालाही तेच दिसतं. तुम्ही असं करा, काळी बाटली घेऊन जा. तीच बरी तुम्हाला. बांधून देते.

वहिनी – आत्ता तर म्हणालात, काळी नकोच.

बाई – विचार बदलला. हा फार जड होईल छोट्या घरात. डोकं धरेल.

वहिनी – बाई, तुम्ही कॉलर दोनदा हुंगलीत.

बाई – खात्री करावी लागते.

वहिनी – दुसऱ्यांदा डोळे मिटून. आणि आता त्या बाटलीला दुसऱ्या बाटलीचं बूच लावताय. ते बसत नाहीये.

बाई – थंडीने बोटं आखडतात माझी.

वहिनी – हा दुसऱ्या कशासारखा नाही असं तुम्हीच म्हणालात. पिशवी एकच होती म्हणालात.

नणंद – वहिनी, हळू. बाई, ही म्हणते ते खरं असेल तर सांगा. आम्ही काही तुमच्यावर आळ घेत नाही. तुम्ही काय, केलात नि दिलात. कुणाला दिलात तेवढं सांगा.

बाई – एक गिऱ्हाईक होतं. गेला तो इथून. दुसऱ्या शहरात.

नणंद – विकला नाही म्हणालात ना कुणाला?

बाई – दिला. तसाच दिला.

वहिनी – काल मी नेहमीपेक्षा लवकर सुटले. घरात शिरले, कोटाला नाक लावलं नाही. भीती वाटते आता. सरळ टेबलापाशी गेले, खुर्ची हीटरसमोर होती. मागे ओढायला हात लावला. बसायची जागा कोमट होती.

नणंद – वहिनी.

वहिनी – हीटर बंद होता, वन्सं. सकाळी मीच बंद केला होता. आपण जिन्यात रोज भेटतो ना लोकांना, तसा तो काल मला जिन्यात भेटला असेल. मी वर जात असताना तो खाली उतरला असेल. कदाचित मी त्याला वाट दिली असेल. मी आठवून बघतेय कालपासून, कोण कोण उतरलं, आणि मला एकही चेहरा आठवत नाही. दुसऱ्या शहरातला माणूस काल आमच्या खुर्चीत बसला नव्हता, बाई.

बाई – पाणी पिता का थोडं?

वहिनी – नको.

बाई – मला हवंय. जरा तो तांब्या द्या.

नणंद – घ्या. सावकाश.

बाई – कॉलरला वास असा उगीच बसत नाही. खुंटीवरच्या कोटाला कुणी नुसता हात लावला तर बाहीला लागेल, खिशाला लागेल. कॉलरला लागायला मान लागते. मान तापावी लागते.

नणंद – म्हणजे तो घालतो आमचा कोट.

बाई – घालून बसत असेल.

नणंद – खुर्चीत. हीटरसमोर. माझ्या भावाचा कोट घालून, त्याचे बूट दाराशी काढून. अगं आई गं. मी बूट ठेवले, कोट टांगला, एकेक वस्तू मीच मांडून ठेवली त्याच्यासाठी. घरात पुरुष आहे असं दाखवायला गेले आणि तोच झाला की घरातला पुरुष.

वहिनी – कोण आहे तो, बाई?

बाई – माझा मुलगा आहे.

नणंद – काय?

बाई – त्याच्यासाठी केला होता तो वास. तळघरातून, धुराड्यातून काम करून येतो, काजळीचा वास जात नाही अंगाचा. मला वाटलं, माझ्या वडिलांच्या पिशवीचा वास त्याच्या अंगाला यावा. त्यांचा फार जीव होता याच्यावर. हीटर दुरुस्त करतो तो.

नणंद – उंच? केस मागे वळवलेले? बोलताना खाली बघतो?

बाई – हो.

नणंद – वहिनी, तो हीटरवाला गं. थंडीच्या सुरुवातीला आला होता तो. किती सज्जन वाटला. मावशी मावशी करत होता मला. मी चहा दिला तर कप धुऊन ठेवला त्याने.

वहिनी – पालथा.

नणंद – दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायला आला. म्हणाला, खिळ्यावरची किल्ली चुकून हत्यारांबरोबर पिशवीत आली. मी म्हटलं, किती प्रामाणिक पोरगा. आशीर्वाद दिला हो मी त्याला, आणि त्याने रात्रीतून दुसरी करून घेतली असणार.

बाई – तेव्हा हा वास नव्हता त्याच्याकडे. नंतर दिला मी.

वहिनी – तुम्हाला ठाऊक होतं?

बाई – तुमच्या घराचं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. ठाऊक असतं तर ही बाटली तुमच्यापुढे काढली असती का?

वहिनी – तुमच्या घराचं नव्हतं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घराचं होतं.

नणंद – वहिनी, अगं त्यांना बसू दे आधी.

वहिनी – नाही वन्सं. मला कळलं पाहिजे. मी एकटी असते दुपारी.

बाई – आधीच्या शहरात, आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्या कुठे बाहेर गेल्या की हा त्यांच्या घरात जाऊन बसायचा. काही घ्यायचा नाही. त्यांची शाल पांघरून बसायचा. मला कळलं तेव्हा मी विचारलं. म्हणाला, तिथे बरं वाटतं, कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटतं. मी म्हटलं, मी नाही का वाट बघत तुझी? तर हसला नुसता.

नणंद – मग?

बाई – एकदा त्या घरातच होत्या.

नणंद – आणि?

बाई – पडल्या. डोक्याला लागलं. नंतर त्या बोलल्याच नाहीत कधी, त्यामुळे काय झालं ते कुणाला कळलं नाही. हा म्हणाला, मला बघून दचकल्या आणि आपल्या आपण पडल्या. आम्ही ते शहर सोडलं.

वहिनी – तुम्ही खरं मानलंत?

बाई – मानलं. आईला मानायला फार काही लागत नाही. त्याला रात्री जेवायला वाढताना मानलं, त्याचे कपडे धुताना मानलं. इथे आल्यावर सगळं ठीक होतं. कामाला लागला, वेळेवर घरी यायला लागला. मी म्हटलं, चला, मागचं मागे पडलं.

नणंद – देवा. बाई, आम्ही आता घरी कसं जायचं?

बाई – मला एक दिवस द्या. मी बोलते त्याच्याशी. किल्ली काढून घेते. तो माझं ऐकतो.

वहिनी – त्या आजींच्या वेळेला ऐकलं होतं?

बाई – नव्हतं.

वहिनी – तुम्ही बोललात की त्याला कळेल, आम्हाला कळलंय. आज तो माझी वेळ टाळून येतो. उद्या टाळणार नाही.

बाई – तो वाईट नाही हो. लहानपणी मांजराच्या पिल्लाला कापसाने दूध पाजायचा.

नणंद – वाईट नसेलही. पण माझ्या वहिनीने दार उघडलं आणि समोर तिच्या नवऱ्याचा कोट घातलेला माणूस उभा असला, तर तिच्या काळजाचं काय होईल ते सांगा मला. त्याचं नका सांगू, हिचं सांगा. भाऊ जाताना हिला माझ्या हवाली करून गेलाय.

बाई – कळतंय मला.

नणंद – मी बडबड करते, थट्टा करते, पण मी घाबरून गेलेय बाई. रोज कारखान्यात मशीनवर बसते आणि हिच्या सुटायची वेळ झाली की माझी शिवण वाकडी होते. घरी फोन लावते, ही उचलेपर्यंत श्वास घेत नाही.

वहिनी – वन्सं, उठा. चौकीत जाऊ. आता नाव आहे आपल्याकडे.

नणंद – नाव आहे, पण दाखवायचं काय? कॉलरचा वास? मागच्या वेळेला हसले, या वेळेला हाकलून देतील.

वहिनी – मग काय करायचं? परत जायचं आणि कडी लावून बसायचं?

बाई – थांबा. फोन मी करते.

नणंद – कुणाला?

बाई – पोलिसांना. तुम्ही गेलात तर पुन्हा विचारतील, काय गेलं, काय तुटलं. आई सांगतेय म्हटल्यावर नाही विचारणार. किल्ली कुठे ठेवतो ते मी सांगू शकते. त्या म्हाताऱ्या बाईंचंही सांगेन. कोट त्यांच्या हातात द्या, धुऊ नका.

नणंद – बाई, नीट विचार करा. एकदा बोललात की ते शब्द मागे घेता यायचे नाहीत.

बाई – विचार करत बसले तर नाही करणार मी. मला ठाऊक आहे मी कशी आहे ते. तुम्ही समोर आहात तोवरच करू दे.

वहिनी – मी लावून देऊ का नंबर?

बाई – लावा. आणि एक मागू का तुमच्यापाशी? ते येईपर्यंत दोघी इथेच थांबा.

वहिनी – आम्ही थांबू. घरी जायची आमची छाती नाहीच आता. इथे निदान तिघी आहोत.

बाई – तुमच्यासाठी नाही म्हणत मी.

नणंद – मग?

बाई – दुकान बंद करायच्या वेळेला तो मला न्यायला येतो. आज त्याच्यासमोर मला एकटीला उभं राहायची भीती वाटते.